काळा पडदा आणि ऑटोमॅटिक गोरेपण

‘ऑटोमॅटिक’ हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. परवा नात नवाकोरा डिजिटल कॅमेरा घेऊन आली. म्हणाली, "आजी, यात आपल्याला काहीच करावं लागत नाही. उजेड किती घ्यायचा, ते तोच ठरवतो." म्हटलं, आण बघू इकडे. आमच्या काळ्या मांजराच्या तोंडाशी नेऊन बटण दाबलं. मांजर राखाडी. मग कणकेची परात समोर धरली. कणीक राखाडी. "अय्यो!" म्हटलं, "हा तर आपला जुना पाहुणा! नुसते कपडे बदलून आलाय."

नातीला राग आला. पण मी या पाहुण्याला चांगली ओळखते. त्याने माझी एकदा भर दिवसा, दोन गावांच्या देखत अब्रू काढलेली आहे. खरं सांगायचं तर ती मीच काढून घेतली होती, आणि तेच लिहायला बसलेय. माझं मराठी आजीच्या तोंडचं आणि अक्षरं देवळातल्या रविवारच्या वर्गातली. मध्येच आमच्या बेटावरची क्रेओल बोली घुसते, तेवढं सांभाळून घ्या.

ब्रीझे वेर्दिएर गावात रस्त्याला लागून आमचा स्टुडिओ होता. वर पत्रा, पुढे काचेचं शोकेस, आणि मागच्या न्हाणीघराचीच केलेली अंधारी खोली. स्टुडिओ आमच्या ह्यांचा. पण उसाच्या लॉरीवरून पडून ह्यांची कंबर गेली, उभं राहवेना, म्हणून कॅमेरा माझ्या हातात आला. बायका खूश झाल्या, कारण पदर नीट करायला परका पुरुष जवळ येणार नव्हता. सगळे मला ‘मादाम फोटो’ म्हणायला लागले. देवळातले भटजीसुद्धा.

ह्यांनी मला काम शिकवलं ते उजेड मोजायच्या हातातल्या मीटरवर. साबणाच्या वडीएवढी वस्तू, तिच्यावर पांढरा अर्धा गोळा. तो माणसाच्या गालाजवळ धरायचा, काटा बघायचा, आणि त्या हिशेबाने कॅमेऱ्याची चाकं फिरवायची. पाच मिनिटं जायची. गिऱ्हाईक घामाघूम व्हायचं, पोरं रडायची. मग सत्तरचं दशक निम्मं सरलं असेल तेव्हा माझा दीर, बोटीवर होता तो, सिंगापूरहून ऑटोमॅटिक कॅमेरा घेऊन आला. "वहिनी, आता डोकं चालवायचं नाही. नुसतं बोट चालवायचं." मी मीटर खणात टाकलं. डोकंही बहुतेक त्याच खणात टाकलं.

आता या कॅमेऱ्याची खोड सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्याच्या आत उजेड मोजणारा एक डोळा असतो. पण समोर काय आहे, हे त्या डोळ्याला कळत नाही. जग सगळं चुलीतल्या राखेच्या रंगाचं आहे, एवढंच तो शिकून आलाय. समोर पांढरी भिंत धरली की तो घाबरतो. बापरे, केवढा उजेड! लगेच उजेड कमी करतो. भिंत राखाडी होते आणि भिंतीपुढचा माणूस कोळसा. समोर काळा पडदा धरला की त्याला वाटतं अंधार झाला. मग उजेड ओतत सुटतो. पडदा राखाडी होतो आणि पडद्यापुढचा माणूस पिठाच्या डब्यात पडल्यासारखा निघतो.

पहिला दणका देवळाच्या मंडळाने खाल्ला. पांढरी धोतरं, पांढरे सदरे, पांढऱ्या टोप्या, मागे नुकती चुना लावलेली भिंत आणि डोक्यावर बाराचं ऊन. मी बोट चालवलं. फोटोत बावीस टोप्या सुरेख आल्या. टोप्यांखाली कोणी नव्हतं. अध्यक्ष दोनदा चष्मा पुसून म्हणाले, "मादाम फोटो, यात मी कुठला?" शेवटी टोपीच्या घडीवरून एकेकाची ओळख पटवली. मी म्हटलं, पुन्हा काढून देते. तर म्हणाले, "कशाला? सिंगापूरचा कॅमेरा आहे, ऑटोमॅटिक आहे. ऊनच वाईट होतं." आणि तो फोटो चौकट करून देवळात लावला!

दुसरा दणका एका काळ्या गाईने खाल्ला. पेती राफ्रेच्या एका माणसाला विकायची होती, म्हणून मालकाने तिचा फोटो काढून घेतला. गाईने सगळी चौकट व्यापली, तेव्हा फोटोत गाय राखाडी. पेती राफ्रेवाल्याला पसंत पडली. गाय दारात पोचली तर म्हणतो, "ही नव्हे. माझी गाय आणा." बिचारी गाय दोन दिवस दोन गावांच्या मध्ये येरझारा घालत होती.

असं दोनदा तोंडावर आपटल्यावर माणसाने खणातलं मीटर काढायला हवं होतं. मी काय केलं? मी काळा पडदा विकत घेतला.

म्हणजे घेतला तेव्हा मनात काही नव्हतं. दुकानात तेवढंच जाड कापड होतं. पण पहिल्याच रविवारी एक काकी मुलीचा फोटो न्यायला आली आणि बघतच राहिली. "अगो बाई, माझी पोर अशी दिसते?" तिच्या डोळ्यांत पाणी. पोर तशी दिसत नव्हती. पोर उसाच्या शेतात काम करणारी, छान सावळी होती. फोटोत मात्र दुधात बुडवून काढलेली. मी गप्प राहिले. पुढच्या रविवारी तीन आया आल्या. त्यानंतर दोन-दोन बस बदलून यायला लागल्या, मुलगी आणि साडी बरोबर घेऊन. आमची मराठी माणसं या बेटावर मूठभर, आणि ती पण विखुरलेली. एक घर उत्तरेला, दुसरं पार दक्षिणेला. म्हणून आधी फोटो जायचा, मग माणसं जायची. मुलीच्या आयुष्याची पहिली पायरी म्हणजे माझा फोटो, आणि त्या पायरीवर मी पीठ सांडून ठेवत होते.

खरं लिहायचं तर सगळंच लिहिते. कॅमेऱ्याची चूक फोटो छापताना सुधारता येते. अंधाऱ्या खोलीत कागदावर चार सेकंद जास्त उजेड टाकला की चेहरा आपल्या मूळ रंगावर येतो. फक्त चार सेकंद. ते मी कधी टाकले नाहीत. कोणी विचारलंच तर तोंडाशी उत्तर तयार होतं: कॅमेरा ऑटोमॅटिक आहे, माझा काय संबंध?

वनिता आमच्या मागच्या गल्लीतली. वडील नव्हते. आई, गौरी काकी, भाजी लावून विकायची. वनिता प्राथमिक शाळेत शिकवायची. उंच, काळी, तरतरीत, आणि बोलायला लागली की समोरच्याने पुस्तक उघडून बसावं अशी. पण तीन ठिकाणांहून निरोप आले होते, "मुलगी चांगली आहे, रंग जरा..." तिसऱ्या निरोपानंतर गौरी काकी तिला ओढत माझ्याकडे घेऊन आली. वनिता पडद्याकडे बघत म्हणाली, "मावशी, हा काळा का?" मी म्हटलं, "हनुवटी वर घे."

तो फोटो बेटाच्या पार दक्षिणेला, सुरिनाम गावी गेला. मुलगा सुरेश, सरकारी कचेरीत कारकून. आठ दिवसांत होकार आला. मुलाने म्हणे फोटो शर्टाच्या खिशात ठेवलाय आणि कचेरीत सगळ्यांना दाखवतोय. गौरी काकी नारळ घेऊन माझ्या पाया पडायला आली. मी पाय मागे घेतले, पण नारळ घेतला.

तिकडून मुलाचा फोटोही आला होता. तो त्याच्या कोणा मित्राने समुद्रावर काढलेला. भर दुपार, मागे पांढरी वाळू, आणि कॅमेरा? सा मेम सा, तोच! ऑटोमॅटिक. फोटोत वाळू राखाडी आणि सुरेश म्हणजे दोन पायांवर उभा असलेला अंधार. गौरी काकीने तो फोटो उजेडात धरला, खिडकीत धरला, तिरका धरला. मग सुस्कारा टाकून म्हणाली, "असू दे. मुलगा काळा आहे, पण नोकरी कायमची आहे. आपण कुठे रंग बघतो?"

बघण्याच्या दिवशी मला मुद्दाम बोलावलं होतं, फोटो काढायला. सुरिनामहून भाड्याची व्हॅन आली. पहिले उतरले बाबाजी मामा, सुरेशचे मामा. पन्नाशीचे, काळेभोर, केस रंगवलेले, सूट घातलेला. सुरेशला वडील नव्हते, म्हणून मामा घरचे कर्ते. गौरी काकीने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा हातातल्या फोटोकडे, आणि माझ्या कानात म्हणाली, "फोटोपेक्षा पोक्त दिसतो, पण चालेल." मी काही बोलायच्या आत तिने मामांना ओवाळलं, कपाळाला टिळा लावला, हातात नारळ दिला आणि तोंडात साखर घातली. मामांना वाटलं, ब्रीझे वेर्दिएरला वडीलधाऱ्यांचा मान फार ठेवतात. ते खुर्चीत ऐसपैस बसले.

"नोकरी कायम आहे ना?" काकीने विचारलं.

"अहो, आता रिटायर व्हायला आलो," मामा म्हणाले.

काकीच्या तोंडचं पाणी पळालं. "आणि घरी कोण कोण?"

"बायको आहे, चार मुलं आहेत. देवाची कृपा आहे."

काकी मटकन खाली बसली. तेवढ्यात मागून एक गोरापान, लाजरा मुलगा आत आला आणि तिच्या पाया पडला. "हा कोण आणि?" काकी किंचाळली. "फोटोतला मुलगा कुठाय?"

त्याच वेळेला वनिता चहा घेऊन बाहेर आली. सुरेशच्या मागोमाग आलेल्या त्याच्या आईने कप घेतला, गोड हसली आणि म्हणाली, "थँक्यू ग. आता मुलीला बोलवा."

वनिताने ट्रे खाली ठेवला. "मीच मुलगी," ती म्हणाली.

पुढे जो आरडाओरडा झाला तो मराठीत सुरू झाला आणि क्रेओलमध्ये पोचला. "पा व्रे! खोटं!" सुरेशची आई फोटो नाचवत होती, "ही मुलगी आणा! आम्हाला फसवलं! सगळ्या मराठी घरांना सांगते, दुसरीच दाखवतात म्हणून!" गौरी काकी दुसरा फोटो नाचवत होती, "आधी तुम्ही हा मुलगा आणा!" मला मात्र दिसत होती ती वनिता. तीन निरोप तिने पचवले होते. ‘फसवणारी’ हा चौथा शिक्का बसला की या बेटावर, इतक्या थोड्या माणसांत, तिला तोंड वर करून चालता आलं नसतं. आणि फसवणारी मी होते. मी ओरडले, "माणसं तीच आहेत! फोटो असे का येतात ते बघायला माझ्या स्टुडिओत चला!"

सगळी वरात माझ्याकडे आली. पुढे बाबाजी मामा, कपाळावर नवरदेवाचा टिळा, हातात नारळ. ते माझ्या खुर्चीत न्यायाधीश होऊन बसले. मी एका बाजूला काळा पडदा लावला, दुसऱ्या बाजूला पांढरी चादर, आणि एकेकाला दोन्हींपुढे उभं केलं. वनिता, सुरेश, काकी, सुरेशची आई, आणि मामा नारळासकट. मग फिल्म धुतली, पंख्याखाली वाळवली, फोटो छापले. दोन तास गेले. तेवढ्यात बाहेर गातो पिमा आले, चहा आला, आणि दोन्ही विहिणी मिरच्यांच्या भज्यांवरून जरा बोलायलाही लागल्या.

ओले फोटो मी वरखाली दोन दोऱ्यांवर ओळीने लावले. वर पाच गोरी माणसं, खाली तीच पाच काळी. म्हटलं, आता तरी डोळे उघडतील. कॅमेरा मूर्ख आहे, हे दिसतंय ना?

सुरेशची आई वरच्या ओळीत आपल्या फोटोजवळ गेली. बराच वेळ बघितलं. मग गालावरून हात फिरवत म्हणाली, "ही मी. अगदी अशीच आहे मी."

"आणि खालचा?" मी विचारलं.

"तो बिघडलाय."

गौरी काकीलाही वरचाच पटला. बाबाजी मामा तर वरच्या फोटोसमोरून हलेनात. शेवटी खुर्चीत येऊन त्यांनी निकाल दिला. "यंत्राला कोणाशी सोयरीक करायची नाही. ते ऑटोमॅटिक आहे. ते खोटं कशाला बोलेल? पडदा काळा असला की यंत्र बरोबर चालतं. म्हणजे मुलगी गोरीच आहे. आज उन्हातून आली, म्हणून तशी दिसतेय."

"मामा, मी स्वयंपाकघरातून आले," वनिता म्हणाली.

"तेच ते. धूर."

मी कपाळावर हात मारला. पण बाकीच्यांच्या माना डोलायला लागल्या. गौरी काकी तर सुटकेने रडायलाच लागली. लग्न ठरत होतं! सुरेशच्या आईची एकच अट होती. लग्नात मुलीच्या मागे काळा पडदा लावायचा. काकी म्हणाली, लग्नात काळं अशुभ. मामा म्हणाले, मग अंतरपाट काळा करू, तसाही तो काढूनच टाकायचा असतो. आणि त्यावर चर्चा सुरू झाली. मी शपथेवर सांगते, खरोखर चर्चा सुरू झाली.

मला गप्प बसता आलं असतं. सगळं वाचत होतं. वनिताचं लग्न, माझी अब्रू, दोन्ही. पण ती दोरीखाली उभी होती आणि तिचे दोन्ही फोटो तिच्या डोक्यावर ठिबकत होते. मला माझीच लाज वाटली.

"यंत्र खोटं बोलतं," मी म्हटलं. "आणि मला ते माहीत होतं. पडदा मी मुद्दाम लावत होते. काकींनी नाही, वनितानेही नाही. तिने विचारलं होतं, मी उत्तर दिलं नाही."

आता गौरी काकी माझ्यावर धावून आली. "कशाला बोललीस! आता कुठे जमत होतं!" तिला वनितानेच धरलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, याच्या आधी तुम्ही उजेड कशाने मोजायचात?"

मी खण उघडला. मीटर तसंच होतं. तिला ओसरीच्या सावलीत उभी केली, ना काळं मागे ना पांढरं. पांढरा गोळा तिच्या गालाशी धरला. सांगते, कॅमेरा माणसावरून परत आलेला उजेड मोजतो, म्हणून फसतो. हे मीटर माणसावर पडणारा उजेड मोजतं. तो उजेड ज्याच्यावर पडतोय तो काळा की गोरा, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. जुना कॅमेरा काढला, चाकं फिरवली. चुकू नये म्हणून दोनदा काढला. तो फोटो मी छापून आणला तेव्हा ओसरीवर सगळे पुढे वाकले. त्यात वनिता होती. जशी समोर उभी होती तशी, नजर वर, ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू.

तिने तो फोटो सुरेशला दिला. "हा ठेवा," ती म्हणाली. "आणि खिशातला मला परत द्या."

सुरेश इतका वेळ एक शब्द बोलला नव्हता. वाईट मुलगा नव्हता तो, उगाच नाव ठेवणार नाही. त्याने खिशातला फोटो काढला. कडा मऊ पडल्या होत्या, इतका हाताळलेला. एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरा. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग अगदी मनापासून विचारलं, "दोन्ही ठेवले तर चालेल का?"

"नाही," वनिता म्हणाली. "त्यातली एकच मी आहे."

बाहेर व्हॅनचा भोंगा वाजला. सुरेश लाल झाला. त्याने ओला फोटो हळूच, वाकणार नाही असा माझ्या टेबलावर ठेवला, मऊ कडांचा खिशात घातला, आम्हा सगळ्यांना नमस्कार केला आणि निघून गेला. मामा नारळही घेऊन गेले.

गौरी काकी माझ्याशी चार महिने बोलली नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिच्या मुलीचं ठरलेलं लग्न माझ्या ओसरीत मोडलं होतं. पुढे वनिताचं लग्न झालं, तिच्याच शाळेतल्या एका मास्तराशी. त्यात फोटोचा काही संबंध आला नाही. पण त्या दिवशी हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी व्हॅन गेली, काकी रडत घरी गेली, आणि मी पदराने तोंड झाकून खुर्चीत बसले. वाटलं, वनिता आता मला काय म्हणेल ते थोडंच.

ती टेबलाशी आली. तो फोटो उचलून खिडकीपाशी नेला. कितीतरी वेळ बघत होती. मला वाटलं, फाडणार.

"चांगला आलाय," ती म्हणाली. "मोठा करून द्या."

"किती मोठा?"

तिने बाहेर शोकेसकडे बोट दाखवलं. तिथे काचेमागे बारा मुली ओळीने लावलेल्या होत्या, बाराही पिठासारख्या पांढऱ्या. "त्यांच्यापेक्षा मोठा," म्हणाली. "आणि मध्यभागी लावा."

लावला. मी स्टुडिओ बंद करेपर्यंत तो तिथेच होता. येणाऱ्या आया काचेपुढे थबकायच्या, मुलीचा हात घट्ट धरायच्या आणि आत येऊन हळूच विचारायच्या, "मादाम फोटो, मधली ती कोण? तिचा फोटो असा का आला?"

मी सांगायची, "ती आमची वनिता. ती अशीच दिसते."